चरितार्थ, प्रपंच आणि व्यासंग

विद्येचा व्यासंग ही एक तर रिकामटेकड्याची चैन आहे, किंवा घरदार सोडलेल्या तपस्व्याचे काम आहे, अशी समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. ज्याला पोटाची विवंचना आहे, ज्याच्या घरी लहान मुले आणि म्हातारी माणसे आहेत, त्याने वर्तमानपत्र चाळावे, फार तर एखादी कादंबरी वाचावी. पद्धतशीर अभ्यासाच्या वाटेला त्याने जाऊ नये, असे आपण एकमेकांना सांगत असतो. निवृत्तीनंतर पाहू, मुले मार्गी लागल्यावर पाहू, असे म्हणता म्हणता आयुष्य सरते आणि पाहायचे राहून जाते. या समजुतीत तथ्य किती आहे, हे इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहावे, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या वसई-विरारचा जो इतिहास आज शाळेतला मुलगाही सांगतो, तो आपल्याला मिळाला कोणाकडून, एवढेच विचारले तरी पुरे. सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. ते पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. अशोकाची आज्ञा येथे शिळेवर कोरली गेली होती. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने तो संपवला. ही माहिती आज आपल्याला वाऱ्याइतकी सहज वाटते. परंतु दीडशे वर्षांमागे सोपाऱ्यातल्या टेकाडाला गावची माणसे बुरुड राजाचा कोट म्हणत, आणि किल्ल्यातल्या पडक्या देवळांच्या भिंतींवरची थडग्यांची अक्षरे वाचणारा मनुष्य विरळा होता. ही अक्षरे ज्यांनी वाचली आणि ती टेकाडे ज्यांनी उकलली, त्यांतल्या बहुतेकांचा चरितार्थ दुसऱ्याच कशावर चालत होता, ही गोष्ट मात्र आपण विसरलो आहो.

यांतले पहिले नाव डॉ. जुझे गेर्सन द कुन्हा यांचे. यांचा जन्म १८४४ साली गोव्यात झाला. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे विलायतेत वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत दवाखाना चालवला. दिवसाचा मुख्य भाग रोग्यांचा. अशा मनुष्याने १८७६ साली चौल आणि वसई या दोन स्थळांचा इतिहास व तेथील प्राचीन अवशेष यांवर एक भरीव इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. वसईच्या किल्ल्यावर आजही कोणी लिहू लागला, तर त्याला या ग्रंथाशी येऊन थांबावे लागते. परंतु हे एवढ्यावर संपत नाही. १८७५ साली सिंहलद्वीपातील दंतधातूवर निबंध, १८७६ साली हा ग्रंथ, १८७७ साली स्कंदपुराणातील सह्याद्रिखंडाची संपादित आवृत्ती, १८८० साली भारतातील पोर्तुगीज नाण्यांचा अभ्यास, १८८१ साली कोंकणी भाषा व वाङ्मय यांवरील पुस्तक. आणि अखेर १९०० साली, म्हणजे मृत्यूच्याच वर्षी, मुंबईच्या उत्पत्तीवरचा मोठा ग्रंथ. ही सारी कामे दवाखाना सांभाळून झालेली आहेत.

हे जमले कसे? त्यांची बुद्धी मोठी होती, असे म्हणून हा प्रश्न टाळता येईल. पण बुद्धिमान डॉक्टर मुंबईत त्या काळी इतरही होते. आम्हांला त्यांच्या कामाच्या घडणीत तीन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, त्यांचे विषय तुकड्यातुकड्यांनी करता येण्याजोगे होते. एक शिलालेख, एक नाणे, एका पोथीतला एक अध्याय, असा एकेक घटक हाती घेऊन तो पुरा करता येतो. नाणे तर तळहातावर मावते. ते पाहायला, तोलायला, त्यावरील अक्षरे टिपून घ्यायला अर्धा तास मिळाला तरी काहीतरी पदरात पडते. दुसरी गोष्ट, त्यांना रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा आधार होता. तेथे ग्रंथालय होते, नियतकालिक होते, आणि लिहिलेले वाचून त्यातले गुणदोष सांगणारी माणसे होती. मुंबईच्या उत्पत्तीवरचा त्यांचा ग्रंथही त्या नियतकालिकाचा जादा अंक म्हणूनच बाहेर पडला. तिसरी गोष्ट म्हणजे सातत्य. वर दिलेल्या सालांकडे पुन्हा पाहावे. १८८१ नंतर मोठ्या ग्रंथासाठी जवळजवळ वीस वर्षांचे अंतर पडले आहे. फावल्या वेळचा अभ्यास असाच चालतो. कधी वर्षाला एक ग्रंथ, कधी वीस वर्षांत एक. सूत सुटले नाही म्हणजे झाले.

दुसरे उदाहरण डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडीतले हे पदवीधर. यांचा दवाखाना गोरगरिबांसाठी खुला असे. शहराच्या सार्वजनिक कामांचा बोजा अंगावर असे. मुंबईचे शेरीफपदही त्यांनी भूषवले. तरीही प्राचीन शिलालेख व नाणी यांच्या संशोधनात त्यांचे नाव अग्रभागी आहे. परंतु रोगी सोडून लेणी पाहत हिंडणे या वैद्याला शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी काय केले? जुनागढचा एक तरुण, पंडित भगवानलाल इंद्रजी, ज्याने गिरनारचे लेख पाहता पाहता प्राचीन लिपीचा नाद लावून घेतला होता, त्याला त्यांनी १८६१ साली मुंबईस आणले, आणि पुढे हिंदुस्थानभर लेखांचे ठसे घेण्यासाठी धाडले. प्रवास भगवानलालांनी करावा, त्याचा खर्च भाऊंच्या मिळकतीतून व्हावा, आणि आणलेल्या सामग्रीवर दोघांनी खल करावा, अशी ही वाटणी होती. १८७४ साली भाऊ वारले, पण त्यांनी तयार केलेला मनुष्य राहिला.

याच भगवानलालांनी १८८२ साली सोपाऱ्याचा बुरुड राजाचा कोट उकलला. त्या वेळी मुंबई इलाख्याचे गॅझेटियर सिद्ध करणारे सरकारी अधिकारी जेम्स कॅम्बेल यांचे त्या कामात साह्य होते. टेकाडाच्या पोटात विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या गर्भात दगडी पेटी, तीत एकात एक बसवलेले करंडक, सोन्याची फुले, धातूच्या आठ बुद्धमूर्ती, आणि यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे एक चांदीचे नाणे अशी सामग्री मिळाली. त्याच सुमारास भाटेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा त्यांच्या हाती आला. पुढे १९५६ साली भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला, तो ओळखणारे श्री. ना. अ. गोरे हे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल होते. म्हणजे वैद्य, सरकारी अधिकारी, ग्रंथपाल, आणि त्यांच्या आधाराने पूर्ण वेळ काम करणारा एक पंडित, एवढ्यांच्या हातून शूर्पारक पुन्हा उजेडात आले.

आता येथे कोणी असे म्हणेल की, इतिहासाचार्य राजवाड्यांचे काय? त्यांनी तर नोकरी सोडली, पत्नीच्या मृत्यूनंतर पुन्हा संसार केला नाही, आणि दप्तरे शोधीत महाराष्ट्रभर पायी भटकले. आपल्या उत्तर कोंकणाच्या इतिहासाचे साधन असलेली महिकावतीची बखर १९२४ साली त्यांनीच प्रसिद्ध केली. हे सर्व खरे आहे, आणि त्या तपश्चर्येपुढे आम्ही नतमस्तक आहो. परंतु राजवाडे शतकात एक निपजतो. सर्वांनी राजवाडे व्हावे असे म्हणणे म्हणजे बहुतेकांनी काहीच करू नये असे म्हणणे होय. शिवाय खुद्द राजवाड्यांनाही १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ काढावे लागले. आणि अशी मंडळे चालतात ती शिक्षक, वकील, कारकून अशा प्रापंचिक सभासदांच्या बळावर. गिरिशिखरावरच्या एकट्या झाडापेक्षा वाडीतल्या शंभर केळी गावाला अधिक पोसतात, हे वसईकरांस निराळे सांगावयास नको.

सोपाऱ्यास मिळालेल्या त्या आठव्या लेखाचा विषय पाहिला, तर आमच्या आजच्या चर्चेशी त्याचे नाते जवळचे आहे. त्यात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. शिकार आणि तसल्याच करमणुकीत त्यांचा तो काळ जाई. आपण मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षे झाली तेव्हा संबोधीस गेलो, आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली; तीत श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांची भेट, दानधर्म आणि जनपदातील लोकांशी धर्मचर्चा होते. मोकळा वेळ कशात घालवावा, याविषयीचीच ही राजाज्ञा आहे. फरक एवढाच की राजाला मोकळा वेळ असतोच. तो कसा घालवावा एवढाच त्याचा प्रश्न. सामान्य माणसाचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे: मोकळा वेळ मिळवायचा कोठून?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात झगडून मिळवावे लागले आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यास रात्रीची शाळा काढली, ती दिवसा राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी. जोतीराव आणि सावित्रीबाई दोघेही तीत शिकवीत. दिवस मालकाचा, तेव्हा विद्येला रात्रच उरते, हे त्या शाळेमागचे साधे गणित होते. परंतु मुंबईच्या गिरण्या वाढल्या तशी रात्रही उरेना. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, आणि आठवड्यास नेमकी सुटी नाही, अशी तेथली स्थिती होती. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांची संघटना बांधली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुटी मिळवली. पुढील टप्पे कायद्यांनी गाठले. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचे काम दिवसास बारा तासांवर आणले. १९२२ च्या कायद्याने आठवड्यास ६० तास, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ५४ तास, आणि १९४६ मध्ये ती मर्यादा ४८ तासांवर आली, ती १९४८ च्या कारखाना कायद्यात कायम झाली. १९११ साली ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्तीत रात्रीच्या शाळा व वाचनालये चालवली, त्यांचाही पाया हाच. घड्याळाचे काटे आधी हलले, मग पुस्तके उघडली. आपला रविवार आपल्या हाती आहे तो कोणीतरी मिळवून दिला आहे म्हणून, ही जाणीव प्रत्येक प्रापंचिक अभ्यासकाने ठेवली पाहिजे.

पण कारखान्याने सोडलेला वेळ घरात आल्यावर कोणाच्या वाट्याला जातो? हा प्रश्न इतिहासकार सहसा विचारीत नाहीत. डॉक्टर द कुन्हा नाणी तपासत होते, तेव्हा घरातले सारे कोणीतरी पाहत होते. पुरुषाच्या व्यासंगाचे श्रेय त्याच्या ग्रंथावर छापले जाते. त्यासाठी ज्या बाईने आपली झोप कमी केली, तिचे नाव फार तर अर्पणपत्रिकेत येते. आणि त्या बाईलाच शिकायचे झाले तर?

याचे उत्तर रमाबाई रानड्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत सापडते. १८७३ साली न्यायमूर्तींशी लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्ती दिवसा कोर्टात. तेव्हा शिकवणे व्हायचे ते दिवसाची कामे आटोपल्यावर. नवरा शिकवायला उत्सुक, पण घरातल्या वडील बायकांना ते शिकणे खपत नसे. टोमणे, अबोला, घरकामातले खोडे, हे सारे रमाबाईंनी सोसले. घरातल्या बायकांना उलटून बोलायचे नाही आणि अभ्यासही सोडायचा नाही, या दोन कड्यांवरून त्या वर्षानुवर्षे चालल्या. न्यायमूर्तींचा व्यासंग घराने उचलून धरला होता. रमाबाईंना तो घराकडून तीळतीळ मिळवावा लागला. पुढे १९०९ साली पुण्यास सेवासदन उभे करताना त्यांनी प्रौढ स्त्रियांच्या शिक्षणाला जे महत्त्व दिले, त्याचे मूळ या अनुभवात आहे असे आम्ही समजतो.

महर्षी कर्व्यांच्या घरची हकीकतही याच दृष्टीने वाचण्यासारखी आहे. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास नेला. या काळात ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत होते. कॉलेजातले तास आटोपून हिंगण्यास पायी जावे, तेथे शिकवावे, व्यवस्था पाहावी, आणि पुन्हा पुण्यास यावे, असा त्यांचा क्रम होता. एवढी मोठी संस्था, जिच्यातून १९१६ साली महिला विद्यापीठ उदयास आले, ती प्रथम एका नोकरदाराच्या फावल्या वेळात उभी राहिली, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या वेळी पुण्याच्या घरात काय चालले होते हे समजून घ्यायचे, तर बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ वाचावे. घरखर्चाची ओढाताण, मुलांचे आजार, आणि सगळे काही संस्थेला देऊन टाकणारा नवरा यांचा हिशोब तेथे एका गृहिणीच्या बाजूने मांडला आहे. आत्मवृत्त आणि माझे पुराण ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवली, तरच त्या कार्याची खरी किंमत कळते.

हा इतिहास ध्यानात घेऊन आता आपल्या गावाकडे पाहू. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. दिवसातून एक जायची, एक यायची. त्या गाडीने आणि तिच्या मागून आलेल्या गाड्यांनी वसईची भाजी, केळी, फुले आणि विड्याची पाने मुंबईच्या बाजारात नेली. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. तेव्हापासून हळूहळू या गाडीने मालाबरोबर माणसे न्यायला सुरुवात केली, आणि आज माणसेच मुख्यत्वे नेते. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. परंतु येथल्या असंख्य घरांचे घड्याळ अजून चर्चगेटच्या घड्याळाला बांधलेले आहे.

जरा हिशोब करू. विरारपासून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. जाण्यायेण्यास तीन तास धरावे, स्टेशन गाठण्यास व स्टेशनाहून घर गाठण्यास मिळून एक तास, आणि कामाचे नऊ तास. हे झाले तेरा. झोपेचे सात काढले तर चोवीसातून चार तास उरतात. आणि त्यांत स्नान, जेवण, बाजार, मुलांचा अभ्यास, आईवडिलांचे औषधपाणी बसवायचे. ज्या घरातली बाईही नोकरीस जाते, तिचे हे चार तास तर स्वयंपाकातच संपतात. १९९२ साली पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी गाडी सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत वाढवली. या गाड्यांत बायका भाजी निवडताना दिसतात. ही गंमत म्हणून सांगितली जाते. वस्तुतः घरच्या कामाने प्रवासाचा तासही गिळला असल्याचा तो पुरावा आहे.

तेव्हा डॉक्टर द कुन्हांचे उदाहरण देऊन ‘मनात आणाल तर सर्व होईल’ असे विरारच्या गाडीत उभ्या असलेल्या माणसाला सांगणे आम्हांला शोभणार नाही. द कुन्हांचा दवाखाना आणि त्यांचे ग्रंथालय एकाच शहरात होते. परंतु त्यांच्या आणि इतरांच्या रीतीतले काही आपल्या परिस्थितीत बसते का, हे पाहता येईल.

पहिले असे की, काम लहान घटकांचे निवडावे. रोज अर्धा तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे दीडशे तास होतात. दीडशे तासांत ग्रंथ होत नाही. पण एका तळ्याची, एका वाडीची, एका वंशपरंपरागत धंद्याची संपूर्ण माहिती खात्रीने लिहून होते. दुसरे, एकट्याने करू नये. याच गाडीत उभ्या उभ्या भजने म्हणणारी मंडळी आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहो. कोणाच्याही मदतीवाचून, ठरलेल्या गाडीला, ठरलेल्या डब्यात ती जमतात. एक दिवस कोणी आला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याची चौकशी होते. ज्या गर्दीत वही उघडता येत नाही तेथे जर भजन चालते, तर तोंडी चर्चा का चालू नये? तिसरे, आरंभापेक्षा पाठपुराव्यास जपावे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत शेतीची कामे आटोपून रात्री कंदिलाच्या उजेडात बसलेल्या प्रौढांनी चार महिन्यांत अक्षरे आत्मसात केली. तो उत्साह थोर होता. परंतु पुढे हाती पुस्तक पडले नाही, तेथे पुष्कळजण ती अक्षरे पुन्हा विसरले. अभ्यास मोडतो तो कठीणपणामुळे थोडा, आणि खंडानंतर परतण्याची सोय नसते म्हणून फार.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अभ्यासाचा अर्धा तास घरात उघडपणे मागून घ्यावा आणि तेवढाच परत द्यावा. नवऱ्याने मंगळवारी घेतला तर बायकोस गुरुवारी मिळालाच पाहिजे. आणि त्या वेळात पोळ्या कोण लाटील, मुलाचा गृहपाठ कोण घेईल, हे आधी ठरलेले असले पाहिजे. चोरून घेतलेल्या वेळातून घरात धुसफूस निघते. बाया कर्व्यांचे पुराण वाचलेल्या माणसाने एवढा धडा तरी घ्यावा.

हे सारे आताच का सांगावयाचे, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या डोळ्यांसमोर आहे. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, विहिरी बुजत आहेत. हरित वसईच्या चळवळीने जमीन आणि पाणी यांसाठी जो लढा दिला, त्याचे धुरीण फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ साली आपल्यातून गेले. त्यांनी धर्मगुरूची जबाबदारी, ‘सुवार्ते’चे संपादन आणि ही चळवळ सांभाळीत ‘सुबोध बायबल’ हे भाषांतर २०१० साली पुरे केले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईकडे आणले. त्यांच्यामागे मुलाबाळांचा प्रपंच नव्हता हे खरे. पण कामाचा रगाडा कोणाहून कमी नव्हता. जमिनीबरोबर बोलीही जाते. सामवेदी, वाडवळी या बोलींतले शेतीचे शब्द, केळी सुकवून सुकेळी करण्याची आगाशीकडची रीत, पाणरहाटाच्या भागांची नावे, तळ्यांच्या पाळण्याच्या पाळ्या, लग्नातली गाणी, हे ज्यांना येते ती माणसे ऐंशीच्या घरात आहेत. हे टिपून घ्यायला बाहेरून विद्वान यावा म्हणून आपण वाट पाहू शकतो. तो येईलही, पण तोवर आजी राहणार नाही. आणि ती आजी बाहेरच्या विद्वानाशी जे बोलणार नाही, ते नातीशी पोळीचा गोळा मळता मळता बोलेल. येथे प्रापंचिक मनुष्याचे वैगुण्य हेच त्याचे बळ ठरते. ज्या घरामुळे त्याला वेळ मिळत नाही, त्याच घरात त्याचे साधन बसलेले आहे.

शेवटी ज्या प्रथेमुळे आपण येथे जमलो तिच्याविषयी दोन शब्द. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली. तिच्या प्रवर्तकांत प्रमुख असलेले महादेव गोविंद रानडे त्या वेळी पुण्यातच न्यायाधीश होते. दिवसा खटले ऐकत, आणि संध्याकाळी लोकांना विचार ऐकवण्याची व्यवस्था करीत. उन्हाळ्याचे दिवस, कचेऱ्या सुटल्यावरची वेळ, एकच विषय, एकच तास. नोकरी आणि संसार असलेल्या माणसाला झेपेल एवढाच विद्येचा घास, ही त्या योजनेतली मेख होती. म्हणूनच ती प्रथा गावोगाव रुजली आणि दीडशे वर्षे टिकली. परंतु त्याच वर्षी, त्याच पुण्यात, ते व्याख्यान आटोपून घरी गेल्यावर रमाबाईंना अक्षरे गिरवायला जागत बसावे लागत होते, हेही आपण विसरू नये.

आज या सभागृहात जे आले आहेत त्यांच्यातील पुष्कळांच्या घरी या वेळी दुसरे कोणीतरी स्वयंपाक उरकीत असेल, लहान मूल निजवीत असेल. त्या माणसासही ऐकावेसे, शिकावेसे, लिहावेसे काही वाटत असेलच. व्याख्यानमालेचे अजून काही दिवस बाकी आहेत. उद्याच्या व्याख्यानास त्यांना पाठवावे, आणि घर आपण सांभाळावे.